ब्रह्मदेशाची फारकत : बाहेर पडण्याचा दरवाजा कोणाच्या हातात होता?

१/ रत्नागिरीतला थिबा राजवाडा पाहायला येणारा पर्यटक बहुधा एका पराभूत राजाची करुण कहाणी ऐकून परततो. जांभ्या दगडाची ती वास्तू मात्र आणखी एका प्रश्नाची साक्षीदार आहे. एखादा देश मोठ्या राजकीय आणि व्यापारी संघात ओढला जातो कसा? आणि पुढे त्यातून बाहेर पडायची वेळ आली, तर अटी कोण ठरवतो?

२/ ब्रेक्झिटमुळे हा प्रश्न आजच्या पिढीला परिचित झाला आहे. पण त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी भारताच्याच घरातून एक देश असाच वेगळा झाला होता. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, ब्रिटिश हिंदुस्थानातून विभक्त झाला. १९४७ च्या फाळणीच्या सावलीत ही आधीची वाटणी सार्वजनिक स्मरणातून जवळजवळ पुसली गेली.

३/ आधी सामील होण्याची गोष्ट. ब्रिटिशांनी ब्रह्मदेश तीन युद्धांत घेतला : १८२४-२६, १८५२ आणि १८८५. तिसऱ्या युद्धाचे निमित्त मुंबईशी जोडलेले आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी वरच्या ब्रह्मदेशात सागवान तोडत असे. तिने लाकडावरचा कर बुडवला असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिश फौजा मंडालेत दाखल झाल्या.

४/ १ जानेवारी १८८६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी एका छोट्या जाहीरनाम्याने थिबाचे राज्य खालसा केले. काही आठवड्यांतच ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभाराला जोडले गेले. ना तह, ना सल्लामसलत, ना कोणाची संमती. त्याच वर्षी थिबा राजा आणि राणी सुपयालत यांना रत्नागिरीस आणण्यात आले. राजा पुन्हा मायदेशी गेला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच मरण पावला.

५/ या जोडणीची उलट बाजूही रत्नागिरीकरांच्या ओळखीची आहे. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळातला कारावास मंडालेत भोगला आणि ‘गीतारहस्य’ तिथेच लिहिले. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. दोन्ही ठिकाणे एकाच सरकारच्या ताब्यात होती, म्हणूनच ही अदलाबदल शक्य झाली.

६/ हे सरकार एक होते आणि बाजारही एकच होता. रुपया एक, जकातीची भिंत एक, सनदी नोकरी एक. मद्रास आणि कलकत्त्याहून आगबोटीने रंगूनला जायला परदेशगमन म्हणत नसत. इरावतीच्या मुखाकडच्या सुपीक प्रदेशातला तांदूळ हिंदुस्थानात येई. इथून कापड, मजूर आणि सावकारी भांडवल तिकडे जाई.

७/ या बाजाराचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. १९३१ च्या जनगणनेनुसार ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक भारतीय होते आणि रंगूनच्या सुमारे चार लाख वस्तीत ते निम्म्याहून जास्त भरत. जागतिक मंदीत तांदळाचा भाव कोसळला आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी चेट्टियार सावकारांकडे गेल्या. दक्षिण ब्रह्मदेशाच्या मुख्य भातपट्ट्यात १९३० साली त्यांच्याकडे सुमारे ६ टक्के जमीन होती. १९३७-३८ पर्यंत ती सुमारे २५ टक्क्यांवर गेली.

८/ मे १९३० मध्ये रंगूनच्या गोदीत भारतीय आणि बर्मी मजुरांमध्ये भीषण दंगल झाली. तेव्हा विभक्त होण्याची इच्छा हा केवळ ब्रिटिशांचा डाव होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भाषा, धर्म आणि राज्यपरंपरा या सर्वच बाबतींत ब्रह्मदेश वेगळा होता. हिंदुस्थानचा एक प्रांत म्हणवून घेणे त्या समाजाला कधीच मनापासून पटले नव्हते.

९/ मग गुंता कुठे होता? १९३० साली सायमन आयोगानेच विभक्ततेची शिफारस केली आणि रंगूनमधल्या ब्रिटिश व्यापारी वर्गानेही ती उचलून धरली. साहजिकच अनेक बर्मी नेते सावध झाले. हिंदुस्थानला मिळणाऱ्या राजकीय सुधारणांपासून आपल्याला तोडून कायमची वसाहत करून ठेवण्याचा हा बेत तर नाही ना, अशी शंका त्यांना आली.

१०/ नोव्हेंबर १९३१ ते जानेवारी १९३२ या काळात लंडनला ब्रह्मदेशासाठी स्वतंत्र गोलमेज परिषद भरली. समारोपात पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी दोन पर्याय मांडले : वेगळे व्हा, किंवा होऊ घातलेल्या भारतीय संघराज्यात सामील व्हा. दुसऱ्या पर्यायाला एक अट होती. एकदा आत आल्यावर स्वेच्छेने बाहेर पडता येणार नाही.

११/ नोव्हेंबर १९३२ ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. डॉ. बा मॉ आणि ऊ चिट ह्लाइंग यांच्या विभक्तताविरोधी आघाडीने ४२ जागा जिंकल्या. विभक्ततावाद्यांना २९ मिळाल्या. ‘वेगळे व्हायचे नाही’ असा हा स्पष्ट कौल दिसत होता. पण त्यानंतर डिसेंबरमध्ये विधिमंडळाने केलेला ठराव वाचून लंडनचे अधिकारी चक्रावले.

१२/ ठरावाचा आशय असा होता : देऊ केलेल्या अटींवरची विभक्तता नको, आणि कायमचे, विनाअट संघराज्यही नको. संघराज्यात यायचे ते पुढे बाहेर पडण्याचा हक्क राखून. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी याला गोंधळ ठरवले. पुढेही या निवडणुकीचे वर्णन अनेकदा ‘संभ्रमित कौल’ असेच होत आले आहे.

१३/ हे वर्णन तपासून पाहायला हवे. कोकणात भावाभावांत वाटण्या होतात, तेव्हा शहाणा माणूस सही करण्याआधी कोणते प्रश्न विचारतो? विहीर सामाईक राहणार का, पाणंद कोणाच्या हिश्श्यात, आणि उद्या पटले नाही तर वेगळे होता येईल का? असे विचारणाऱ्याला कोणी गोंधळलेला म्हणत नाही. व्यवहार कळणारा म्हणतात.

१४/ ब्रह्मदेशाच्या मतदाराने नेमके हेच केले. लंडनने ‘हो की नाही’ असे विचारले आणि त्याने ‘कोणत्या अटींवर?’ असा प्रतिप्रश्न केला. सौदा चालू असताना हा प्रश्न विचारणे रास्तच होते. मात्र बर्मी नेत्यांचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. गटबाजी तीव्र होती, आणि १९३३ साली विधिमंडळात पुन्हा चर्चा झाली तेव्हा निर्णायक ठरावच होऊ शकला नाही. लंडनला हवी ती सबब आयती मिळाली.

१५/ अखेर निर्णय ब्रिटिश पार्लमेंटने घेतला. १९३५ च्या कायद्यांनी ब्रह्मदेश वेगळा करण्यात आला. नियतीचा खेळ असा की १९३७ साली विभक्त ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान झाले ते डॉ. बा मॉ, विभक्तताविरोधी आघाडीचेच नेते.

१६/ त्यानंतर हिशेब सुरू झाले. रेल्वे, इमारती आणि जुनी तूट धरून हिंदुस्थानच्या कर्जातला किती वाटा ब्रह्मदेशाने उचलायचा, हे ठरवण्यासाठी लिओ अ‍ॅमेरी यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. तो वाटा अनेक वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचा होता. ब्रेक्झिटच्या वेळी ब्रिटननेही युरोपीय संघाला सुमारे ३५ ते ३९ अब्ज पौंड देण्याचे मान्य केले, त्याचे हे जुने रूप.

१७/ व्यापाराचे काय? सीमा आखली गेली तरी पहिली तीन वर्षे दोन्ही देशांमधला व्यापार पूर्वीसारखाच खुला ठेवायचा, असे ठरले. मजुरांच्या ये-जा करण्यावरही तेवढा काळ नवी बंधने येणार नव्हती. ब्रिटननेही ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडून त्या वर्षअखेरपर्यंत संक्रमणकाळ मागून घेतला होता. राजकीय गाठ एका दिवसात सुटते. बाजाराची गाठ सुटायला वर्षे लागतात.

१८/ सर्वांत अवघड गाठ माणसांची. जुलै १९३८ मध्ये ब्रह्मदेशात भारतीयांविरुद्ध, विशेषतः मुसलमानांविरुद्ध, दंगली उसळल्या. मग जेम्स बॅक्स्टर यांनी भारतीयांच्या स्थलांतराची चौकशी केली आणि १९४१ साली दोन्ही सरकारांमध्ये स्थलांतराचा करार झाला. त्यातल्या कडक निर्बंधांवर हिंदुस्थानात मोठी टीका झाली. गोदीतला तेलुगू हमाल आणि जमीन गमावलेला बर्मी शेतकरी या दोघांचेही आयुष्य त्या करारात गुंतले होते. वाटाघाटीच्या मेजाशी दोघांपैकी कोणालाही जागा नव्हती.

१९/ करार अमलात येण्याआधीच युद्ध आले. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडले. चार लाखांहून अधिक भारतीय माघारी निघाले. त्यांतले बहुतेक डोंगर आणि जंगले तुडवत पायी आले. वाटेत हजारो मरण पावले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबलेली माणसे एका हंगामात निर्वासित झाली.

२०/ त्याबरोबर दरवर्षी येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ थांबला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणे अनेक होती, सरकारी धोरणांचा दोष तर फारच मोठा. पण हा तुटवडा त्यांतले एक होते. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. कोकणाला स्वतःच्या खाचरांतला भात वर्षभर पुरत नसे. ब्रह्मदेश वेगळा झाल्याचा अर्थ इथल्या अनेक घरांना उमगला तो रेशनच्या रांगेत.

२१/ यावर एक आक्षेप रास्त आहे. युद्ध आलेच असते, मग विभक्ततेला दोष कशासाठी? खरेच, जपानचे आक्रमण कोणत्याही करारनाम्याने टळले नसते. परंतु १९३७ पासून युद्ध सुरू होईपर्यंत जवळजवळ पाच वर्षे हाती होती. तेवढ्या काळात कर्जाचा हिशेब लागला, जकातीचे करार झाले. दहा लाख माणसे नेमकी कोणत्या देशाची, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर मात्र मिळाले नाही.

२२/ इतिहासाने एक टोलाही लगावला आहे. १९३२ साली ज्या ब्रिटनने ब्रह्मदेशाला ‘आत आलात की बाहेर पडणे नाही’ असे बजावले, त्याच ब्रिटनने २९ मार्च २०१७ रोजी युरोपीय संघाच्या कराराचे कलम ५० वापरून बाहेर पडण्याची नोटीस दिली. ते कलम म्हणजे बाहेर पडण्याचा लेखी हक्क. बर्मी विधिमंडळाने मागितला होता तो याच जातीचा हक्क.

२३/ बर्मी लोकांनी त्यातून काय धडा घेतला, हे ४ जानेवारी १९४८ रोजी दिसले. स्वतंत्र होताना ब्रह्मदेशाने ब्रिटिश राष्ट्रकुलातही राहण्यास नकार दिला. भारत आणि पाकिस्तान राष्ट्रकुलात राहिले, ब्रह्मदेश राहिला नाही. आधीच्या वेळी दरवाजाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. या वेळी तो देश त्या घराचा उंबरठाच ओलांडायला तयार झाला नाही.

२४/ थिबाची समाधी आजही रत्नागिरीत आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन तिचे दर्शन घेऊन गेले. १८८६ साली जोडताना त्या देशाला कोणी विचारले नाही. १९३२ साली विचारले, पण उत्तर सोयीचे नव्हते म्हणून बाजूला ठेवले. राजवाड्याच्या सज्जात उभे राहून समुद्राकडे पाहताना राजाची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. त्याच वेळी त्या ४२ जागांना कौल देणाऱ्या मतदारांचीही आठवण व्हावी. त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता.