इंग्रजीचा प्रमुख कोण? शाळेत एकदा विचारून पाहा



शाळा सुरू झाल्या. आपल्या विदर्भात उन्हामुळे घंटा जूनच्या शेवटी वाजते, बाकी महाराष्ट्राच्या नंतर. शहापूरच्या हायवेवर सकाळी परत पिवळ्या बसा आणि खच्चून भरलेले ऑटो दिसू लागले. रस्ते, नाल्या, धान खरेदी यावर आपण इथं नेहमीच बोलतो. आज शाळेवर लिहितो. पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांच्या घरी पाचवी ते दहावीतलं पोरगं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या पोराच्या शाळेत जा आणि विचारा, मुख्याध्यापक कोण? लगेच नाव सांगतील. मग विचारा, या शाळेत इंग्रजी विषयाची जबाबदारी कोणाची? म्हणजे पाचवीत आलेलं पोरगं दहावीला जाईपर्यंत त्याचं इंग्रजी कुठून कुठं न्यायचं, हे ठरवणारा माणूस कोण? बहुतेक ठिकाणी शिक्षक एकमेकांकडं पाहतील. कोणी म्हणेल, "पाचवी-सहावी मॅडमकडं, दहावी सरांकडं." म्हणजे तास घेणारे आहेत, पण सगळा विषय मिळून कोणाचाच नाही.

आपल्या माध्यमिक शाळेत मंजूर पदं कोणती असतात? मुख्याध्यापक, शाळा मोठी असली तर उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक, बाकी सहायक शिक्षक. इंग्रजी विभागप्रमुख नावाचं पद त्या यादीत नाही. शाळा आपल्या पातळीवर एखाद्याला "विषयप्रमुख" म्हणते. त्याचा वेगळा पगार नाही, एक तास कमी नाही. मिळते काय, तर भिंतीवरच्या तक्त्यात नाव.

आणि काम? घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढा. दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण भरा. नवीन शिक्षणसेवक आला तर त्याला कृतिपत्रिका समजावून सांगा. सेमी इंग्रजीच्या पोरांना विज्ञानाचं पुस्तक वाचता येत नाही, ते पाहा. वरून ऑनलाइन माहिती भरणं आहेच, आणि निवडणूक आली की बीएलओचं काम आहेच.

एक साधा हिशेब करू. समजा एका सरांकडं चार वर्ग आहेत, प्रत्येकी ५० पोरं. झाल्या २०० वह्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तर एकदा सगळ्या वह्या तपासायला १० तास लागतात. हे दिवसभराचे तास घेऊन झाल्यावर. आता त्याच माणसाला तुम्ही म्हणता की बाप्पा, बाकी शिक्षकांचे तास पाहा, कच्च्या पोरांचा गट काढा, वाचनाचा उपक्रम चालवा. तो कधी करेल? रात्री दोन वाजता?

आता काही म्हणतील, पत्रकारानं शाळेत कशाला नाक खुपसावं. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, पत्रकारितेची पदविका केलेला माणूस आहे. पण निकालाच्या बातम्या दरवर्षी लावतो, आणि त्या आकड्यांत काय दडलं असतं ते थोडंफार कळते.

दहावीचा राज्याचा निकाल आठवा. २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला एकदम ७७.१० टक्के. २०२० ला ९५.३० टक्के. पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं झालं का? २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्राचे शाळेकडचे २० गुण बंद केले होते. नवीन अभ्यासक्रमही त्याच वर्षी होता, म्हणून सगळा दोष एका गोष्टीला देत नाही. पण ओरड झाली, २० गुण परत आले आणि निकाल वर गेला.

इंग्रजीत हे गुण म्हणजे तोंडी परीक्षा. लेखी ८०, तोंडी २०, पास व्हायला ३५. तोंडीत १८ पडले की लेखीत १७ पुरतात. खरं तर ही २० गुणांचीच परीक्षा अशी आहे की जिथं आपलं पोरगं तोंड उघडून इंग्रजी बोलते आणि कानानं ऐकते. ती नीट घेतली तर वर्षभर बोलण्याचा सराव करून घ्यावाच लागेल. नुसते गुण भरून पाठवले तर पोरगं पास होते, पण त्याला "तुझं नाव काय, गाव कोणतं" याच्या पुढं एक वाक्य बोलता येत नाही. ही परीक्षा खरी घ्यायची की कागदावर उरकायची, हे ठरवायला शाळेत एक जबाबदार माणूस लागते. मी त्याच माणसाबद्दल बोलतोय.

जरा मागं जाऊ. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होती. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती पहिलीपासून आली. ती पहिली बॅच २०१० ला दहावी झाली. म्हणजे दहा वर्षं इंग्रजी शिकलेली पोरं बाहेर पडू लागली, त्यालाही आता बराच काळ झाला. हातात काय आलं? 'असर'च्या २०२३ च्या अहवालात देशातल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातली १४ ते १८ वर्षांची पोरं तपासली होती. इंग्रजीतलं साधं वाक्य वाचता येणारे ५७.३ टक्के, आणि त्यातल्या ७३.५ टक्के पोरांना अर्थ सांगता आला. गुणाकार करा. शंभरात जेमतेम ४२ पोरांना वाचता येते आणि समजतेही. वर्षं वाढवून भागत नाही. पहिलीत काय झालं, चौथीत काय राहिलं, सातवीत कुठं अडलं, हे कोणी सलग पाहिलंच नाही तर दहा वर्षं काय आणि पंधरा काय.

आता आपल्याकडची गोष्ट. आपलं पोरगं घरी झाडीबोली बोलते. पाण्याला "पानी" आणि डोळ्याला "डोरा" म्हणते. शाळेत पुस्तकातली मराठी त्याला नव्यानं शिकावी लागते. हिंदी टीव्हीवरून आणि मोबाईलवरून येते. म्हणजे पुस्तकात इंग्रजी तिसरी भाषा असली तरी आपल्या पोरासाठी ती चौथी आहे. पुण्याच्या पोरासाठी केलेलं वार्षिक नियोजन इथं जसंच्या तसं चालत नाही. इथलं पोरगं कुठं अडते हे इथंच दहा-पंधरा वर्षं शिकवलेल्या शिक्षकाला माहीत असते. पण त्याचं हे ज्ञान त्याच्या वर्गाबाहेर जात नाही, आणि तो निवृत्त झाला की त्याच्यासोबत घरी जाते.

नुकसान कोणाचं? आपल्या शहापुरातच इंजिनिअरिंग कॉलेज आहे. गावखेड्यातली मराठी शाळेची पोरं गणितात चांगले गुण घेऊन तिथं पोहोचतात आणि पहिल्याच वर्षी पुस्तकाच्या भाषेपाशी थांबतात. पोरगं हुशार आहे, मायबापानं धान विकून फी भरली आहे, आणि ते मागच्या बाकावर जाऊन गप्प बसते. आठवी-नववीत कोणी हात धरला असता तर ही वेळ आली नसती.

दुसरं नुकसान मराठी शाळेचं. मायबाप पोरांना कॉन्व्हेंटमध्ये कायले टाकतात? इंग्रजीसाठी. कॉन्व्हेंटकडं पोरं गेली की मराठी शाळेचा पट कमी होतो. पट कमी झाला की संचमान्यतेत पद कमी होते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर तर कमी पटाच्या शाळांवर टांगती तलवारच आहे, शिक्षक संघटना त्यावर रस्त्यावर उतरल्या होत्या. पद गेलं की इंग्रजीचे तास दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाकडं जातात. मग इंग्रजी आणखी कच्ची, आणि उरलेले मायबापही पोरं काढून नेतात. हे चक्र कुठंतरी तोडावंच लागेल.

शिक्षण हक्क कायद्यातही गंमत पाहा. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताला एक शिक्षक, सामाजिक शास्त्राला एक, आणि "भाषां"ना एक. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकाच "भाषे"त बसवलं. कायद्याप्रमाणे पद भरलं तरी तो माणूस इंग्रजीचाच असेल याची खात्री नाही.

मागच्या वर्षी, एप्रिल ते जून २०२५, पहिलीपासून हिंदीवरून राज्य तापलं. निर्णय निघाला, बदलला, शेवटी २९ जूनला मागं घेतला. त्या सगळ्या गोंधळात कोणती भाषा कितवीपासून यावरच भांडण झालं. जी भाषा आधीच पहिलीपासून आहे ती कोण आणि कशी शिकवते, हे कोणी विचारलं नाही.

"मराठी शाळेत इंग्रजीचे एवढे लाड कशाला?" असं काही मित्र म्हणतील. भाऊ, मी मराठीत लिहून पोट भरणारा माणूस आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला. पण मराठी शाळा टिकली नाही तर अभिजात मराठी वाचणार कोण? मराठी शाळेत इंग्रजी चांगली मिळते, हे मायबापाला दिसलं पाहिजे. शाळा वाचवायचा याहून सोपा रस्ता मला दिसत नाही.

"पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न खरा आहे. इंग्लंडमध्ये विभागप्रमुखाला जबाबदारीचा वेगळा भत्ता देतात, आणि तिथल्या शिक्षकांना शिकवण्याच्या वेळेतला किमान १० टक्के वेळ तयारीसाठी मोकळा ठेवावा लागतो. आपल्याकडं नवीन शिक्षणसेवकाला माध्यमिकला महिना १८ हजार मिळतात, तेही २०२३ पासून. तिथली बरोबरी आज होणार नाही. पण बिनपैशाची किंवा थोड्या पैशाची कामं आहेत.

एक, मोठ्या शाळेत विषयप्रमुखाचे आठवड्याचे चार-पाच तास कमी करा आणि लेखी सांगा की हा वेळ कशासाठी. दोन, त्याला बीएलओ आणि ऑनलाइन माहितीच्या कामातून सोडा. तीन, पाचवी ते दहावीचं एक पानाचं नियोजन करा: कोणत्या वर्गाच्या शेवटी पोराला काय वाचता, बोलता, लिहिता आलं पाहिजे. ते पान नोटीस बोर्डावर लावा, मायबापालाही कळू द्या. चार, ज्या लहान शाळेत इंग्रजीचा एकच शिक्षक आहे तिथं एकट्याचा विभाग होऊ शकत नाही. म्हणून जवळच्या सात-आठ शाळा मिळून एक अनुभवी शिक्षक प्रमुख नेमा आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना बसवा. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शाळा संकुलाची कल्पना आहेच. इंग्रजीच्या शिक्षकांनी गट करून भेटायचं, हे 'तेजस' आणि 'चेस'सारख्या कार्यक्रमांत आपल्या राज्यात करूनही पाहिलं आहे. फक्त कार्यक्रम संपला की भेटी संपू नयेत.

आणि प्रमुख नेमताना सेवाज्येष्ठतेची यादीच पाहू नका. ज्याच्या वर्गात कच्चं पोरगंही हात वर करते, तो माणूस शोधा. शाळेत सगळ्यांना माहीत असते तो कोण आहे.

आपल्या हातात काय आहे? शाळा व्यवस्थापन समिती असो की पालक-शिक्षक संघ, येत्या सभेत गणवेश आणि सहलीचं झाल्यावर तीन प्रश्न विचारा. इंग्रजीची जबाबदारी कोणाची? त्यांना त्यासाठी वेळ किती दिला? तोंडी परीक्षा कशी घेता? भांडू नका, चांगल्या शब्दांत विचारा. मुख्याध्यापकही अडचणीत असतात, पालकांनी विचारलं तर त्यांनाही वर मागायला बळ मिळते.

भंडारा जिल्ह्यातले इंग्रजीचे शिक्षक ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी आपला अनुभव नक्की लिहावा. नाव द्यायचं नसेल तर मला मेसेज करा, नाव गुप्त राहील. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली सांगा, चर्चा करू.