कधीपासून?

विसरभोळेपणा वाढला म्हणून आईला किंवा वडिलांना दाखवायला नेले, की डॉक्टर आधी विचारतात, ‘हे कधीपासून?’ बहुतेक घरांचे उत्तर एखाद्या प्रसंगाशी बांधलेले असते. ‘बाबा गेल्यापासून’, ‘पाय मोडला तेव्हापासून’. प्रसंग खराच असतो, पण अल्झायमर अनेकदा त्याच्या आधीच घरात आलेला असतो. बँकेची स्लिप बाबा भरत, गोळ्या तेच काढून देत, बोलताना आई अडली की शब्दही तेच पुरवत. ते गेले आणि झाकलेले उघडे पडले. ‘दुःखाने झालंय, सावरेल’ म्हणत मग आणखी वर्ष निघून जाते.

ब्रिटिश कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांना अल्झायमरचे निदान झाले १९९७ मध्ये. त्यांची शेवटची कादंबरी ‘जॅक्सन्स डिलेमा’ १९९५ची. लंडनच्या संशोधकांनी ती त्यांच्या १९५४ आणि १९७८च्या कादंबऱ्यांशी ताडून पाहिली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडला: वाक्यरचना बरीचशी शाबूत होती, शब्दसंग्रह मात्र रोडावला होता, सोपे, सरावाचे शब्द वाढले होते. निदानाच्या किमान दोन वर्षे आधीच्या या खुणा. मेंदूतले बदल तर लक्षणांच्याही कितीतरी वर्षे आधी सुरू होतात. म्हणून रोगाची नेमकी तारीख कोणालाच सांगता येणार नाही. लक्षणांचा काळ मात्र बराच जवळून सांगता येतो, आणि तो सांगितलाच पाहिजे.

कारण त्यावर निदानाची दिशा ठरते. अल्झायमर हळूहळू वाढतो. चार दिवसांत उद्‍भवलेला गोंधळ संसर्गाचा असू शकतो, पडल्यानंतर काही आठवड्यांत आलेला मेंदूभोवती साचलेल्या रक्ताचा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड यांवर तर उपचार आहेत. ‘वय झालं’ म्हणून हे सारे एका पोतडीत टाकणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातली हिशेबाची वही, पासबुकावरच्या दुबार नोंदी, थकलेली वीजबिले चाळा. भावंडांना, शेजाऱ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींना विचारा. रोज पाहणाऱ्यांपेक्षा वर्षाने भेटणाऱ्या आत्याला फरक अधिक दिसतो. भाजीत मीठ दोनदा कधी पडले, ओळखीच्या रस्त्यावर आई पहिल्यांदा कधी चुकली, हे महिना-वर्षासह कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.