इकडील सर्व खुशाल

२०२४ च्या नवरात्रात मी माहेरी, नेसरीला गेले होते. घरात घट बसले होते आणि टीव्ही बंद होता. बिघडलेला नव्हता हो! वहिनीनं रिमोट तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "देवाच्या दिवसांत कशाला ती रणधुमाळी?" खरं कारण घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. माझा भाचा सिग्नलमध्ये आहे आणि त्या वर्षी तो लेबनॉनमध्ये होता.

१ ऑक्टोबरला इस्रायलचं सैन्य दक्षिण लेबनॉनमध्ये शिरलं. १० तारखेला नकुरा इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात टेहळणीच्या मनोऱ्यावर रणगाड्याचा गोळा आदळला. दोन इंडोनेशियन शांतिसैनिक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी भारत सरकारनं चिंता व्यक्त केली. तिथे आपले सुमारे नऊशे जवान होते. त्या नऊशेंतला एक आमचा.

टीव्ही बंद असला तरी भाचेसुनेच्या हातात मोबाईल होताच. ती गोठ्यात जाऊन बातम्या बघायची. एक म्हैस पिळायला इतका वेळ लागत नाही हे वहिनीला काय कळत नव्हतं? पण दोघी एकमेकींना अवाक्षर विचारत नव्हत्या. रात्री नऊला, म्हणजे तिकडे साडेसहाला, फोन वाजला की मात्र दोघींचे हात एकदम पुढे.

"जेवलासा काय?"

"आत्ताशी कुठं? इथं अजून उजेड हाय."

"काय गडबड न्हाई न्हवं?"

"काय न्हाई गं आई. काल नेटवर्क नव्हतं एवढंच. म्हशीचं काय झालं ते सांग."

त्या 'नेटवर्क नव्हतं'च्या दिवशी ही मंडळी कित्येक तास बंकरमध्ये बसून होती, हे आम्हाला तो सुट्टीवर आल्यावर कळलं. आणि म्हशीचं काय झालं होतं? ती दोन दिवस चारा खात नव्हती, पण वहिनी त्याला "झकास आहे" म्हणाली होती. म्हणजे अडीच हजार मैलांवरून दोन्हीकडची माणसं रोज तासभर बोलत होती, तेही चेहरा बघून, आणि दोन्हीकडून खरं तेवढं वगळत होती.

मला हे ऐकताना हसू आलं, कारण हा मजकूर माझ्या ओळखीचा होता. तो मी स्वतःच्या हातानं लिहिला होता!

१९८८ साल असेल. मी सहावीत. आमच्या शेजारच्या काकींचे यजमान श्रीलंकेत गेले होते. जुलै १९८७ मध्ये राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला, आपली शांतिसेना तिकडे गेली, आणि ऑक्टोबरपासून शांतता राखायला गेलेली माणसं लढायलाच लागली. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत येईपर्यंत आपले सुमारे बाराशे जवान गेले. आमच्या गल्लीला यातलं कळायचं ते सकाळी सात पाचच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांतून, आणि त्यात कोल्हापूर जिल्ह्याचं नाव येऊ नये म्हणून काकी चुलीपाशी डोळे मिटून बसायच्या.

काकींना लिहिता येत नव्हतं. त्या सांगायच्या, मी आंतरदेशीय पत्रावर लिहायची. आमच्या भागातल्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. मी शाळेतल्या बाईंच्या धाकानं ते 'जाते, करते' करून लिहायची. पत्ता कुठला? नंबर, नाव, पलटण, आणि '५६ ए. पी. ओ.' या पत्त्यात गाव नाही, देश नाही. माणूस जाफन्यात आहे की पठाणकोटला, पत्त्यावरून कळायचं नाही. तो तसा नसतोच कळायचा.

"लिव्ह, म्हस येली. रेडी झाली."

मी लिहिलं.

"रेडी मेली, ते नगं लिवू."

नाही लिहिलं. दिरानं बांध कोरला, ते नाही लिहिलं. थोरला मुलगा तापानं फणफणला होता आणि गडहिंग्लजला दवाखान्यात चार दिवस होता, तेही नाही. शेवटी राहायचं काय? तर 'इकडील सर्व खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी.' तिकडून महिन्यानं उत्तर यायचं, त्यातही तेच. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की खाकी कागद आहे की तार आहे, हे काकी त्याच्या चालण्यावरून ओळखायच्या म्हणे.

त्या पत्रांत नवरा-बायकोचं असं काही नव्हतंच. कसं असणार? लिहिणारी अकरा-बारा वर्षांची पोर आणि तिकडून आलेलं पत्र वाचून दाखवणारे सासरे. पण एक गोष्ट होती, जी मला आता आता कळायला लागली आहे. पत्र पोचायला पंधरा दिवस, उत्तर यायला पंधरा दिवस. मधल्या महिन्यात खत कुठलं आणायचं, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, बांधावरून दिराशी किती भांडायचं, हे सगळं काकीच ठरवायच्या. यजमानांना कळेपर्यंत काम होऊन गेलेलं असायचं. फौजीच्या बायका आपल्याकडे दांडग्या असतात असं लोक म्हणतात ना, ते त्या पंधरा-पंधरा दिवसांमुळे.

आमच्या भाचेसुनेचं तसं नाही. ती बी. कॉम. आहे, गाडी चालवते. पण दूध डेअरीचं बिल किती आलं, ते इब्ल अस्-साकीला बसून नवऱ्याला त्याच संध्याकाळी कळतं. ती माहेरी दोन दिवस जास्त राहिली तर सासूच्या आधी नवऱ्याचा फोन. बोअरला पाईप कुठला टाकायचा, हे व्हिडिओ कॉलवर तिकडून ठरतं आणि ती नुसती मोबाईल धरून विहिरीवर उभी असते. प्रेम नाही असं मी म्हणत नाही. उलट लेकीनं पहिलं पाऊल टाकलं ते त्यानं पाहिलं, आणि काकींच्या यजमानांनी धाकट्याला पाहिलं तेव्हा तो पळत होता. पण फोनमुळे नवरा घरात असल्याची सोय कमी आणि धाक जास्त, असं काहीसं होऊन बसलंय. मैत्रिणींनो, तुमच्याकडे काय अनुभव आहे?

आता या लेबनॉनबद्दल थोडं. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या फौजेत भारताची बटालियन १९९८ पासून आहे. हर्मोन डोंगराच्या पायथ्याकडची खेडी, ऑलिव्हची झाडं, शेळ्या-मेंढ्या. गस्त घालायची, चौकीवर बसायचं, कोण कुठे हललं ते टिपून कळवायचं. आपण होऊन लढायचं नाही. भाचा म्हणायचा, सर्वात अवघड काम म्हणजे काही न करणं. आणि आपल्या बटालियनबरोबर चक्क जनावरांचा डॉक्टर असतो! तो गावोगावच्या गाई-शेळ्यांना फुकट औषधपाणी करतो. हे ऐकून वहिनी म्हणाली, "तेला म्हणावं, सुट्टीला नेसरीला ये." कारण आमच्याकडे डॉक्टरला चार फोन करावे लागतात.

दुसरा विषय डॉलरचा. नवरा 'यूएन'वर गेला की गावात बाईकडे बघायची नजर बदलते. दीर ट्रॅक्टरसाठी उसने मागतो, नणंद लग्नाचा खर्च सुचवते. लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं की संयुक्त राष्ट्रं एका जवानामागे महिना चौदाशे डॉलर देतात. २०१८ साली तो दर १,४२८ डॉलर झाला होता, हे खरं. पण ते पैसे देशाच्या सरकारला जातात. जवानाला सरकारी नियमाप्रमाणे परदेश भत्ता मिळतो. तो बरा असतो, पण चौदाशे डॉलर नव्हे. ही साधी गोष्ट न सांगितल्यामुळे किती घरांत अबोला धरला गेला असेल!

त्यापेक्षा मी भाचेसुनेला वेगळंच विचारलं, "तुझं नाव त्याच्या कागदावर लागलंय का?" लग्न झालं, मूल झालं, की ते युनिटच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये यावं लागतं. नावात एका अक्षराचा फरक, जन्मतारखेत घोळ, आधारवर माहेरचं नाव, यापायी पुढे पेन्शनच्या वेळी हेलपाटे घालणाऱ्या बायका मी पाहिल्यात. आणि हेलपाटे म्हणजे कुठे? नेसरीच्या बाईला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर तिथे, मिलिटरी हॉस्पिटल तिथे. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कोल्हापूरला. कडेवर मूल घेऊन दोन दिशांना दोन एस. टी. हे काम नवरा सुट्टीवर असताना, हसतखेळत, करून घ्यायचं. त्यात अशुभ काही नाही. वहिनीला ते बोलणं आवडलं नाही, पण तिसऱ्या दिवशी तिनंच फाईल काढून दिली.

नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ ला सहा स्वारांनिशी ते बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. शाळेची सहल तिथे जायची, आम्ही घोषणा द्यायचो. प्रतापरावांच्या लेकीला, जानकीबाईंना, पुढे १६८० मध्ये महाराजांनी राजारामांसाठी सून करून घेतलं, एवढं त्या सात घरांपैकी एका घराचं आपल्याला कळतं. बाकीच्या सहा दारांत खबर कोणी नेली, काय सांगितलं, कोणी विचारलेलं नाही.

आता गणवेशात बायकाही जातात. २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची संपूर्ण महिलांची तुकडी लायबेरियात गेली, तिथलं काम २०१६ पर्यंत चाललं. काँगोत काम केलेल्या मेजर राधिका सेन यांना संयुक्त राष्ट्रांचा २०२३ सालचा पुरस्कार मिळाला. तेव्हा फोनच्या या टोकाला 'जेवलीस का?' विचारणारा नवराही असणार. तो म्हशीबद्दल खरं सांगतो का, बघायला हवं.

आणि लेबनॉनचं दार मिटतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठरवलं की या फौजेची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच, पुढच्या वर्षभरात सगळ्यांनी परतायचं. त्याच ऑक्टोबरमध्ये पैशांच्या तुटवड्यामुळे नऊ मोहिमांतली माणसं पाव हिश्शानं कमी करायचं जाहीर झालं. वहिनीला ही बातमी सांगितली तर म्हणाली, "बरं झालं." भाचेसून काही बोलली नाही. घराचा वरचा मजला अर्धा राहिलाय, आणि नवऱ्याचं पोस्टिंग आता काश्मीरकडे आहे. बरं नेमकं कशाला म्हणायचं?

यंदा उन्हाळ्यात काकींकडे गेले होते. यजमान जाऊन सात वर्षं झाली. त्यांनी ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा काढला, माझ्यापुढे टाकला आणि म्हणाल्या, "वाच की जरा." श्रीलंकेहून आलेलं एक उघडलं. चार ओळी, आणि खाली इकडील सर्व खुशाल. काकी हसल्या. "तवा पायात गोळी हुती त्येंच्या. परत आल्यावर पँट काढली तवा कळलं."

मी विचारलं, आणि तुमची पत्रं? मी लिहिलेली?

"ती कुठली आणत्यात? तिकडंच र्‍हायली," म्हणाल्या, आणि दुसरं पत्र माझ्या हातात दिलं.