वारस नोंदी व पुनर्वसनाच्या लेखी तारखेबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य अधिकारी महोदय,
मुंबई

विषय : लालबाग येथील पाडलेल्या उपकरप्राप्त चाळीतील भाडेकरूंच्या वारस नोंदी व पुनर्बांधणी.
संदर्भ : आमची यापूर्वीची चार निवेदने.

महोदय,

आम्ही सदर चाळीचे मूळ भाडेकरू असून सध्या संक्रमण शिबिरात राहतो. चाळ धोकादायक ठरली तेव्हा आम्ही आठ दिवसांत खोल्या रिकाम्या केल्या. 'तीन वर्षांत याच जागी घर' असे अधिकाऱ्यांनी चाळीच्या चौकात उभे राहून सांगितले होते. त्याला नऊ वर्षे झाली. जागेभोवती पत्रे ठोकले आहेत आणि आत झुडपे वाढली आहेत.

यापेक्षाही मोठे दुखणे वारस नोंदींचे आहे. ज्यांच्या नावावर खोल्या होत्या, त्यांपैकी अकरा जण शिबिरातच वारले. त्यांच्या घरच्यांची नावे अजून लागलेली नाहीत. नाव नाही म्हणून पात्रता नाही, आणि पात्रता नाही म्हणून पुढच्या यादीत घर नाही.

आमच्यातील एका आजींचेच प्रकरण पाहावे. त्यांचे पती गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात नोकरी गेली, तरी आजींनी खाणावळ चालवून खोलीचे भाडे कधी थकवले नाही. पतीच्या निधनानंतर त्यांनी मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र, शिधापत्रिका आणि १३ जून १९९६ पूर्वीच्या भाडेपावत्या असा संपूर्ण संच दाखल केला. पहिल्या वेळी संबंधित लिपिकाची बदली झाल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी फाइल सापडत नव्हती. तिसऱ्या वेळी मूळ पावत्या पुन्हा मागितल्या. त्या आधीच कार्यालयात जमा आहेत आणि त्याची पोच आजींकडे आहे. 'गणपतीच्या आत नाव लावून देतो' असे मागील बैठकीत आम्हा सर्वांसमोर सांगितले गेले. गणपती झाले, दिवाळीही झाली. नाव लागले नाही. उलट गेल्या महिन्यात आजींच्या दारावर 'घुसखोर' म्हणून नोटीस चिकटवण्यात आली.

पन्नास वर्षे एका खोलीचे भाडे भरलेल्या बाईला घुसखोर म्हटले गेले आहे. ती नोटीस वाचून दाखवायला त्यांनी नातवाला बोलावले, आणि त्या दिवसापासून त्या दार आतून लावून बसतात. असे प्रसंग आणखी तीन घरांवर आले आहेत. कागद आम्ही दिले. ते हरवले कार्यालयात. त्याची शिक्षा विधवांनी का भोगावी?

वरळीतील बीडीडी चाळींच्या ५५६ रहिवाशांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतली माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. आम्हाला त्याचा आनंदच आहे. शासनाने मनावर घेतले तर चाळकऱ्याला त्याच्याच भागात घर देता येते, हे तिथे दिसले. आमच्या जागेवर अजून एक खड्डाही खणलेला नाही. 'निविदा अंतिम टप्प्यात आहे' हे उत्तर आम्ही तीन अधिकाऱ्यांकडून ऐकले आहे.

आमच्या मागण्या :

१. अकराही वारस नोंदी ३० दिवसांत पूर्ण कराव्यात. त्यासाठी शिबिरातच एक दिवस अधिकारी बसवावेत. वृद्धांना पुन्हा खेटे घालायला लावू नयेत.
२. मूळ भाडेकरूंच्या वारसांना दिलेल्या 'घुसखोर' नोटिसा लेखी पत्राने मागे घ्याव्यात.
३. हरवलेल्या फाइलींची जबाबदारी निश्चित करावी.
४. बांधकाम सुरू होण्याची व ताबा देण्याची तारीख लेखी कळवावी. तोंडी आश्वासन आता आम्ही स्वीकारणार नाही.
५. शिबिरातील बंद लिफ्ट सुरू करावी.
६. पाणी सकाळी एक तास तरी पूर्ण दाबाने मिळावे.

महोदय, आम्ही आजवर कार्यालयात आवाजही चढवलेला नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सर्व कुटुंबे, म्हाताऱ्या माणसांसह, आपल्या कार्यालयासमोर शांततेने धरणे धरतील. तशी वेळ आपण येऊ देणार नाही, ही अपेक्षा.

मागील चारही निवेदनांच्या पोच प्रती सोबत जोडल्या आहेत. याही निवेदनाची पोच मिळावी.

आपला विश्वासू,
चिटणीस,
सर्व भाडेकरूंच्या वतीने