मुले मोजणारी आजी

अब्बांच्या नोकरीमुळे १९८५ ते १९८९ ही आमच्या लहानपणाची चार वर्षे वेल्समधील कार्डिफ शहरात गेली. थोरले मामू तिथून वीसएक मैलांवर, टॅफ नदीच्या खोऱ्यातल्या एका खाणीच्या गावात डॉक्टर होते. महिन्यातला एक शनिवार मामूंकडे ठरलेला. अम्मी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचे सालन डब्यात भरी आणि आम्ही भावंडे खिडकीसाठी भांडत आगगाडीत बसत असू.

दोन्ही बाजूंना उंच डोंगर, खाली नदी आणि उतारावर चाळीसारख्या भिंतीला भिंत लागलेल्या दुमजली घरांच्या रांगा. मामूंच्या दवाखान्यात शिरण्याआधी खोकला ऐकू येई. खाणीतली धूळ छातीत घेऊन निवृत्त झालेली ती माणसे. तिथले डॉक्टर अशा गावी यायला नाखूश असत, म्हणून हिंदुस्थान-पाकिस्तानातून गेलेले कितीतरी डॉक्टर या खोऱ्यांत स्थिरावले. मामू म्हणत, "सरकारी मोफत दवाखान्याची कल्पना इथल्याच मातीतली." जवळच्या ट्रेडीगर गावात कामगार पगारातून वर्गणी काढून सगळ्यांच्या औषधपाण्याची सोय करत. त्याच गावचे अन्यूरिन बेव्हन पुढे मंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी साऱ्या देशासाठी आरोग्यसेवा सुरू झाली.

गावात जोन्स आणि इव्हान्स इतके, की माणसे धंद्यावरून ओळखली जात. दूधवाला 'जोन्स दूध', पाववाला 'इव्हान्स पाव'. आम्हांला त्याची गंमत वाटली नाही. आमच्या मोहल्ल्यातही तीच तऱ्हा होती.

मामूंच्या शेजारी एक म्हातारी राहत असे. आजीला ते लोक 'मामगी' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले वेल्श केक ती आमच्यासाठी आणी. मुमानी संकोचाने ते बाजूला ठेवी, कारण त्यात डुकराची चरबी घालण्याची रीत. एकदा मुमानीने धीर करून खरे सांगितले. पुढच्या शनिवारी मामगी आली ती नवा तवा दाखवायलाच. "हा फक्त तुमच्या मुलांचा, आणि लोणी दुकानातले." त्या दिवशी आम्ही किती केक खाल्ले ते आठवत नाही.

तिची एकच सवय विचित्र होती. आम्ही खेळायला निघालो की ती दारात उभी राहून बोटाने आम्हांला मोजी आणि परतल्यावर पुन्हा मोजी. आम्ही पाठीमागे तिची नक्कल करून हसत असू. एके दिवशी मामूंनी ते पाहिले. रागावले नाहीत. आम्हांला गाडीत घालून अ‍ॅबरव्हॅनच्या कबरस्तानात घेऊन गेले. टेकडीवर पांढऱ्या कमानींची लांब रांग होती. मामू म्हणाले, "वये वाचा." बहुतेक सात ते दहा. आम्ही त्या वेळी नऊ वर्षांचे होतो.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. दुसऱ्या दिवसापासून शाळेला सुट्टी लागणार होती. सव्वानऊच्या सुमारास डोंगरावरचा खाणीच्या गाळाचा ढीग सुटला आणि पँटग्लास शाळेवर आला. एकूण १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुले आणि शाळेतले ५ शिक्षक होते. मामगीच्या मुलीचा मुलगा त्यांतलाच.

तो ढीग, क्रमांक ७, झऱ्यांवर रचला होता. ढिगांबद्दल नगरपालिकेच्या अभियंत्याने आधीच लिहून कळवले होते आणि शाळेत पाणी शिरते म्हणून आयांनीही अर्ज दिला होता. चौकशीत राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरवले, पण एकाचीही नोकरी गेली नाही. वर कडी अशी, की उरलेले ढीग हटवायला मृतांच्या घरच्यांसाठी जमलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळायला १९९७ साल उजाडले.

आज आम्ही महाड तालुक्यात शिकवतो. जुलै २००५ मध्ये दासगाव आणि जुईवर डोंगर आला, २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर. हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तरीही गेल्या पावसाळ्यात सहावीतली एक मुलगी तासाला उठून म्हणाली, "टीचर, आमच्या घरामागचा झरा दोन दिवस लाल गढूळ येतोय," आणि आम्ही म्हणालो, "बस खाली, आधी गणित कर."

घरी जाऊन भाकरी थापताना हात थांबला. तव्याकडे पाहून मामगी आठवली. चौकशी अहवालात नोंदवले जाण्याआधी अ‍ॅबरव्हॅनचे पाणीही कुणीतरी पाहिले होते, बोलून दाखवले होते. त्यांनाही 'बस खाली' म्हणणारे कुणी भेटले असेलच.

त्याच संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो. वडिलांसह झरा पाहिला, वरच्या बांधाला गेलेली भेग पाहिली. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. पाऊस ओसरेपर्यंत ते कुटुंब मोहल्ल्यात नातेवाइकांकडे राहिले. डोंगर आला नाही, अल्हम्दुलिल्लाह. काहींनी आम्हांला घाबरट म्हटले. म्हणोत. पाहणीला मात्र अजून कुणी आलेले नाही. अर्जाची पोच पाकिटात आहे आणि दर महिन्याला आम्ही ती घेऊन विचारायला जातो.

मुले आईबापांकडे अमानत असतात आणि शाळेच्या वेळेत ती आमच्याकडे असतात. अमानतीचा हिशेब द्यायचा आहे. म्हणून आता जोराचा पाऊस असला की शाळा सुटताना आम्ही दारात उभे राहून बोटाने मुले मोजतो. मुले पाठीमागे आमची नक्कल करून हसतात. हसू देत.