नाथसागराचा काठ कुणाचा?

मराठवाड्याला समुद्र नाही. औरंगपुऱ्यातील कापडाच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा नोकर, जिल्हा परिषदेतील शिपाई, चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार, यांपैकी कुणालाही रविवारी मुलाबाळांना घेऊन जुहूच्या वाळूत जाऊन बसता येत नाही. त्यांची चौपाटी पन्नास किलोमीटरवर, पैठणला होती. एस.टी.ची गाडी, फडक्यात बांधलेल्या दशम्या, जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी पसरलेले संत ज्ञानेश्वर उद्यान आणि दिवेलागणीनंतर उडणारी रंगीत कारंजी, एवढ्यावर एका कुटुंबाची सुटी साजरी होत असे. शाळांच्या सहलींचे तर ते वर्षानुवर्षे ठरलेले ठिकाण होते.

या धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. दहा किलोमीटरच्या आसपास लांबीचा बांध आणि त्याच्यामागे दुसरा काठ दिसू नये असा जलाशय. लोकांनी त्याला 'सागर' म्हटले ते उगाच नव्हे. मात्र या पाण्याखाली पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील शंभराहून अधिक गावांची शेते आणि घरे गेली आहेत, हेही विसरता येणार नाही. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाचा आदर्श समोर ठेवून शासनाने पायथ्याशी जी बाग उभारली, ती या त्यागाची भरपाई मुळीच नव्हती. परंतु सार्वजनिक पैशातून सामान्य माणसाच्या आनंदासाठी काही निर्माण करावे, एवढी जाण त्यामागे निश्चित होती.

ती जाण पुढे कुठे हरवली? उद्यानाचा ऱ्हास एका दिवसात झाला नाही. कारंज्यांचे पंप नादुरुस्त झाले ते तसेच पडून राहिले, नौकाविहार थांबला, हिरवळीची जागा गवताने आणि काटेरी झुडपांनी घेतली, खेळणी गंजली. शासनाची कोणतीही वास्तू अशीच मरते. ती पाडण्याचा ठराव कुणी करीत नाही, केवळ देखभालीचा पैसा आणि माणसे आटत जातात. मग लोक येईनासे होतात आणि लोक येत नाहीत म्हणून खर्च कशाला, असा हिशेब सुरू होतो.

प्यायला पाणी नसताना कारंजी कसली, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. तो वरवर मोठा सात्त्विक वाटतो. वास्तविक कारंज्याचे पाणी फिरून फिरून तेच वापरता येते. शिवाय २०१९ नंतर सलग काही वर्षे धरण तुडुंब भरले, दरवाजे उघडून पाणी गोदावरीत सोडावे लागले. तेव्हाही उद्यानाची कळा पालटली नाही. उलट २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना, औरंगाबादच्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात व्हावी यासाठी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला आदेश द्यावा लागला. दुष्काळाची आठवण नेमकी कुणाच्या वेळी होते आणि कुणाच्या वेळी होत नाही, हे यावरून कळते.

विश्रांती ही श्रीमंतांची चैन आहे, असा समज आपल्या चळवळीतही अधूनमधून डोकावतो. औरंगपुऱ्यात ज्यांच्या पुतळ्यापाशी मोर्चे जमतात, त्या महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑन ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि तिच्याबरोबर सवलतीची रेल्वे तिकिटेही दिली. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. रजा दिली, पण जायला जागाच नसेल तर ती रजा अर्धीच होय, हे त्या सरकारने ओळखले होते.

आपल्याकडे १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा साऱ्यांचे रकाने त्यात होते. विश्रांतीचा रकाना नव्हता, आणि त्यानंतर तो कुणी मागितलाही नाही. मागणीपत्रके तयार करणाऱ्या कार्यकर्त्यांकडेही या चुकीचा काही वाटा जातो.

मुंबईकडे समुद्र आहे म्हणून तेथील गरिबाची स्थिती फार बरी आहे, असेही नाही. ज्या गिरगाव चौपाटीवर १९२० मध्ये लोकमान्यांना अखेरचा निरोप देण्यात आला, तिच्या आणि जुहूच्या पाण्यात महानगराचे सांडपाणी मिसळते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील कचऱ्याचे ढीग २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी हातांनी उपसले. त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. पण कर घेणाऱ्या महापालिकेचे काम नागरिकांनी सुटीच्या दिवशी करावे लागले, ही गोष्ट कौतुकाच्या भरात झाकली गेली.

मराठवाड्यासाठी मंत्रिमंडळाच्या खास बैठका ४ ऑक्टोबर २०१६ आणि १६ सप्टेंबर २०२३ रोजी याच शहरात झाल्या आणि दोन्ही वेळा हजारो कोटींचे आकडे जाहीर झाले. अशा आकड्यांतून उद्यान उद्या पुन्हा सजेलही. प्रश्न कुणासाठी सजेल हा आहे. दुरवस्था पुरेशी झाली की 'शासनाला हे जमत नाही' असे म्हणून खाजगी ठेकेदाराला पाचारण करण्याची रीत आता रूढ झाली आहे. त्याबरोबर प्रवेशशुल्क वाढते, खाण्याचे डबे फाटकाशी अडविले जातात आणि पाण्याचा काठ उपाहारगृहाच्या गच्चीवरून पाहण्याची वस्तू होतो. तेव्हा नूतनीकरणाच्या निविदा निघतील त्या वेळी पैठण आणि शहरातील कार्यकर्त्यांनी त्यांतील अटी तपासून पाहिल्या पाहिजेत: तिकिटाचा दर कोण ठरविणार, देखभालीसाठी दरवर्षी किती तरतूद राहणार, बागेत राबलेल्या रोजंदारी मजुरांना कायम कामावर घेणार की नाही, आणि रविवारी संध्याकाळी कारंजी संपल्यावर औरंगपुऱ्याकडे परतणाऱ्या माणसासाठी एस.टी.ची शेवटची गाडी थांबणार की नाही.