औषध फडताळात, रोग घरात

संगणकाच्या आज्ञावलीत एखादे छिद्र आढळले म्हणजे ती बनविणारी कंपनी ते बुजविण्यासाठी ‘पॅच’, म्हणजेच एक ठिगळ, प्रसृत करते. परंतु ठिगळाची ही दवंडी घरमालकाबरोबर चोराच्याही कानी पडते. जुनी व नवी आज्ञावली शेजारी ठेवून काय बदलले हे पाहिले, की छिद्र नेमके कोठे होते याचा पत्ता हल्लेखोरास लागतो. तेथून जी शर्यत सुरू होते तीत दिरंगाई करणारा हमखास हरतो.

२०१७ सालचा इतिहास याला साक्ष आहे. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषावर पॅच दिला. बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, त्याच दोषावर चालणारे ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार ‘शॅडो ब्रोकर्स’ नामक टोळीने चव्हाट्यावर मांडले. आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर थैमान घातले. सुमारे १५० देशांतील लाखो संगणकांना कुलुपे लागली व किल्लीसाठी खंडणी मागितली गेली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-न्यासांना त्याची झळ पोहोचली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. काही ठिकाणी अत्यवस्थ रुग्णांनाही दुसरीकडे न्यावे लागले. औषध फडताळात जवळजवळ दोन महिने पडून होते!

एवढ्यानेही जग शहाणे झाले नाही. २७ जूनला आलेल्या ‘नॉटपेट्या’ने त्याच हत्याराचा आधार घेतला, आणि त्याचा फटका मर्स्क कंपनीच्या द्वारे आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचला. दूरच्या संगणकावरील निष्काळजीपणा आपल्या दाराशी कसा येतो, हे मुंबईकरांस याहून स्पष्ट कोणी सांगावे?

मग दोष जाहीरच करू नयेत, असे काही जण म्हणतील. हा युक्तिवाद आम्हास मान्य नाही. ‘इटर्नलब्लू’ अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेले, असे मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांनीच उघड सांगितले होते. म्हणजे ते छिद्र गुपित म्हणून जपले गेले होते, आणि गुपितच शेवटी चोरांच्या हाती गेले. झाकलेली जखम बरी होत नाही; ती चिघळते.

पॅच लावणे नेहमीच सोपे असते असे नव्हे. रुग्णालयातील यंत्र मध्येच बंद करता येत नाही. नव्या ठिगळाने जुनी आज्ञावली बिघडण्याची भीतीही खोटी नाही. परंतु ही अडचण आधी चाचणी घेण्याचे कारण ठरते, स्वस्थ बसण्याचे नव्हे. खरी उणीव अशी की नवी यंत्रे खरेदी करण्यास पैसा मिळतो, समारंभही होतो. त्यांच्या देखभालीचा खर्च मात्र अंदाजपत्रकात दिसत नाही.

सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी, असा दंडक ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २०२२ साली घातला. तो योग्यच आहे. परंतु चोरी झाल्यावर वर्दी देण्याची जी तत्परता, तीच कडी लावण्याच्या कामीही हवी. प्रत्येक रुग्णालयाने, बँकेने व नगरपालिकेने या कामासाठी एक जबाबदार अधिकारी, निश्चित मुदत व स्वतंत्र तरतूद ठेवलीच पाहिजे. ती आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार ज्यांची माहिती तेथे साठवली जाते त्या नागरिकांचा आहे. तो त्यांनी बजावावा.